कडी कोणत्या बाजूला?

दुपारची शिकवणी चालली होती. पुढच्या खोलीत मुलं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, उन्हामुळे खिडक्या लोटून घेतलेल्या, खोलीभर खडूचा वास. परीक्षा तोंडावर आली होती आणि नाटकातल्या राजकन्येच्या शोकांतिकेवरचा निबंध हमखास येणार, म्हणून सर तो घोकून घेत होते. सरांनी एक वाक्य म्हणायचं, वर्गानं ते एका सुरात परत म्हणायचं, असा त्यांचा खाक्या. कुणी स्वतःचं डोकं चालवलं की संपलंच!

मागच्या खोलीच्या बंद दाराला पाठ टेकून, शेवटच्या बाकावर धाकटी बसली होती. सरांचीच धाकटी मुलगी. पण घरातसुद्धा त्यांना बाबा म्हणायची सोय नव्हती. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सकाळीच सरांनी बजावलं होतं, "मी सांगतो तस्साच निबंध लिहायचा. तरच परगावच्या कॉलेजचं बघू. नाहीतर विसर."

"राजकन्येचा हट्टच तिच्या मृत्यूला कारणीभूत ठरला," सर म्हणाले. वर्ग म्हणाला.

"रागाच्या भरात तिनं आतून कडी लावून घेतली."

हेच वाक्य! थोरल्या ताईबद्दलही सगळे शब्दन् शब्द हेच सांगायचे. ताईलाही परगावी शिकायला जायचं होतं. त्यावरून घरात भांडण झालं आणि त्याच संध्याकाळी ती या मागच्या खोलीत दम्यानं गुदमरून गेली. धाकटी तेव्हा मावशीकडे होती. परत आली तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: पोरगी हट्टी, कडी लावून बसली, पंप बाहेर राहिला. मेलेल्या पोरीच्या माथी खापर फोडायला कुणाच्या बापाचं काय जातंय?

वर्ग वाक्य म्हणून थांबला. एक आवाज मात्र थांबला नाही. सगळ्यांच्या मागून, धापा टाकत, छातीत शिट्टी वाजत असल्यासारखा...

"...बा...हेरून..."

"कोण रेंगाळतंय? पुन्हा म्हणा!" सर ओरडले.

"रागाच्या भरात तिनं बाहेरून..." सबंध वर्ग म्हणाला आणि गोंधळून एकमेकांकडे बघायला लागला.

सर थेट धाकटीकडे वळले. "तू शिकवलंस यांना?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही." ते खरंच होतं. तिनं दात घट्ट आवळले होते. पण पाठीमागची दाराची फळी हळूहळू फुगत होती, पुन्हा खाली बसत होती. "सर... कडी कुठल्या बाजूला होती?"

सरांनी दंडाला धरून तिला उठवलं आणि मागच्या खोलीत ढकललं. "उत्तर पाठ होईपर्यंत बाहेर यायचं नाही!"

दार ओढलं गेलं. फटीतून धाकटीला सरांचा हात दिसला. तो सरळ वर गेला आणि दाराच्या कडेला काहीतरी चाचपू लागला. बाहेरच्या बाजूला तिथं काहीच नव्हतं. भोकं लांबीनं बुजवून रंग मारलेला एक चौकोन, बस्. कडी तर आतल्या बाजूला होती, तिच्या डोळ्यांसमोर. मग तो हात सवयीनं तिथं काय शोधत होता?

"तुम्ही!" धाकटी किंचाळली. "तुम्हीच कोंडलंत तिला! आणि लोक यायच्या आत कडी काढून इकडे ठोकलीत!"

खट्.

कडी आपोआप लागल्याचा आवाज; धाकटीनं तिला हातही लावला नव्हता. खोलीत घाम आणि औषधाचा वास भरला. तिच्या कानाशी कुणीतरी श्वास ओढत होतं, पण आता सावकाश, मोकळा होत चाललेला. बाहेर सर दार बडवत होते.

"उघड! आतून कडी का लावलीस?"

मग अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "बाहेरून आहे, सर."

"उघड गं... दार..." जणू कोंडलेले तेच, तशी सरांच्या छातीतून शिट्टी येऊ लागली. उभ्या जन्मात त्यांना दमा नव्हता. "हवा..."

"आधी उत्तर म्हणा," धाकटी म्हणाली. तिला कणभरही दया आली नाही.

"बाहेरून..." बराच वेळ नुसती धाप. "मी... मी लावली होती."

दार उघडलं. मुलं समोरच्या भिंतीला चिकटून उभी होती. दाराजवळ एकटे सर, जमिनीवर बसलेले. रंगाच्या चौकोनातून जुनी कडी बाहेर लोंबत होती. आतल्या बाजूला उरली होती ती नुसती स्क्रूची भोकं.

धाकटी त्याच दिवशी मावशीकडे निघून गेली. परीक्षेला प्रश्न तोच आला. राजकन्या हट्टानं मेली नाही, तिला मारलं, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि पुढे पेन थांबेचना. पर्यवेक्षक बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या मागच्या मुलीला फार धाप लागलीये. तिच्याकडे पंप आहे का, विचार ना."

धाकटीचं बाक शेवटचं होतं. मागे भिंत होती.

"आहे, बाई," मान वर न करता ती म्हणाली. "आता तिच्याजवळच आहे."