लाल फडक्याआडची चिंच

"श्श! आता सुरू होईल बघ," चिमी कुजबुजली.

तिघंही केळीच्या झाडांमागे उकिडवी बसली होती. सूर्य नुकताच बुडाला होता आणि पश्चिमेकडून खारा वारा यायला लागला होता. समोर वाडीच्या टोकाला ती म्हातारी चिंच उभी होती, चिमीच्या झोपडीवर कललेली. बुंध्याला छातीच्या उंचीवर एक लाल फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं आणि त्यावर लिंबू-मिरची लोंबत होती.

"काय सुरू होईल? मला तर डासच चावायला सुरू झालेत!" रूपल वैतागून म्हणाली. ती बोईसरजवळच्या सरावलीची. बाबा कारखान्यात, घर इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत पाम गावी मामाकडे आली की वाडीत हुंदडायचं, एवढंच तिला ठाऊक.

"क्र्र्रऽऽ... ऊंऽऽऽ..."

रूपलनं डास मारायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. आवाज चिंचेतून आला होता! तोंडात पदर कोंबून कुणी बाई रडावी, तसा. एकदा आला, थांबला, वारा वाढला तसा पुन्हा आला.

"आ-आई गं!" भावेशनं रूपलचा दंड इतका दाबला की ती ओरडायचीच बाकी होती. भावेश मामाचा मुलगा, दहा वर्षांचा, बोलण्यात शूर. त्याच्या खिशात फुटक्या स्पीकरमधून काढलेलं एक जाडजूड लोहचुंबक कायम असायचं. भूत आलंच तर फेकून मारायला, असं तो म्हणायचा. आत्ता मात्र त्याला खिशाची आठवणही झाली नाही.

"रोज रडते," चिमी म्हणाली. "आमी आत झोपतो ना, मी झिपरूच्या कानावर हात ठेवते. नायतर तो दचकून उठतो."

झिपरू तिचा धाकटा भाऊ, अजून रांगणारा. चिमीचे बाबा जिव्याकाका आणि आई डोंगराकडचे. पावसाळी भात झालं की दरवर्षी ते मामाच्या वाडीत कामाला यायचे आणि चिंचेखालच्या या झोपडीत राहायचे. रूपलला एकदम कसंतरी झालं. तिच्या कानावर रात्री हात ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

"चिमे, ही आधीपासून रडते का गं? गेल्या वर्षी?"

"नाय. मामांनी ती कटर मशीन आणली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"ए! कोण आहे तिकडं?" कृष्णकांतमामाचा आवाज गरजला. "किती वेळा सांगितलं, चिंचेजवळ जाऊ नका! चला घरात!"

तिघं धूम पळाली. खरं तर मामापेक्षा चिंचेच्याच भीतीनं पळाली, पण ते कुणी कबूल केलं नाही.

जेवताना रूपलनं विषय काढलाच. "मामा, त्या दिवशी नक्की काय झालं?"

मामाचा घास हातातच राहिला. "काय व्हायचं! चिंच वाळत चालली, म्हटलं काढून टाकू. सगळे बाजारात गेलेले. मशीन लावली, आणि काय सांगू! झाडातून ठिणग्या उडाल्या! लाकडातून ठिणग्या! मग धूर. मग मशीन अशी किंचाळली आणि बंदच पडली. त्या झाडात हाय कायतरी. त्यानं माझी नवी कोरी मशीन मारली!"

"मग जिव्याकाकांना झोपडी तरी दुसरीकडे बांधू दे ना," मंदामामी म्हणाली.

"फडकं बांधलंय ना मी! आता कोणी छेडू नका म्हणजे झालं." मामा ताटावरून उठलाच.

रूपल कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बघत राहिली. त्यातून चेनसॉची पट्टी बाहेर डोकावत होती. भूतबीत तिला पटत नव्हतं, निदान दिवसा तरी नाही. पण ठिणग्या मामानं डोळ्यांनी बघितल्या होत्या आणि रडणं तिनं कानांनी ऐकलं होतं.

"मशीन कशानं मेली, हे कोण सांगेल?" तिनं हळूच विचारलं.

"डॉक्टर!" भावेश म्हणाला.

"अरे गाढवा... हां! मशीनचा डॉक्टर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदामामीनं पेट्रोल काढून टाकलेली मशीन स्वतःच तिघांच्या हवाली केली. "न्या बाई, ती ब्याद घरातून गेली तर मी सुटले! पण जेवायच्या आत परत या."

बोईसरच्या हमरस्त्यावर काचेचं एक मोठं दुकान होतं. आत मशिनी झगमगत होत्या. काउंटरवरच्या माणसानं गोणपाट उघडूनही पाहिलं नाही.

"बंद पडली? नवी घ्या! हे मॉडेल बघा, दोन ब्लूटूथ स्पीकर फ्री!"

"पण ही कशानं बंद पडली?" रूपलनं विचारलं.

"मशीन आहे, पडते बंद."

"झाडातून ठिणग्या उडाल्या होत्या!" भावेशनं सांगितलं.

तो माणूस हसला आणि मोबाइलमध्ये घुसला. भावेश फुकटच्या स्पीकरकडे वळून वळून बघत होता, त्याला चिमीनं ओढून बाहेर काढलं.

बाहेर ऊन तापलं होतं. गोणपाट जड, आणि आता कुठं जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आमच्याकडं कोयत्याला धार लावायची असली ना," चिमी विचार करत म्हणाली, "तर बाबा दुकानदाराला नाय विचारत. ताडीवाल्याला विचारतात. त्याचा कोयता रोज चालतो."

रूपलनं उडीच मारली. "चिमे! मग रोज चेनसॉ कोण चालवतं?"

"लाकडाची वखार!" दोघी एकदम ओरडल्या.

वखारीत भुश्शानं माखलेला एक कामगार ओंडक्यावर बसून चहा पीत होता. प्रश्न ऐकून त्याला जराही विचार करावा लागला नाही. "अर्चना दीदी के पास जाओ. तारापूर रोडपे, पीछे की गली में. पहले डाँटेगी, फिर मशीन चालू करके ही हाथ में देगी. हम सब वहीं जाते हैं."

अर्चनाताईंचं दुकान म्हणजे अंधारी बोळकांडीच. छताला साखळ्या टांगलेल्या, वाऱ्यानं एकमेकींवर घासून किणकिणत होत्या. आत एकच दिवा आणि त्याखाली चष्मा लावलेली एक धिप्पाड बाई. भावेश उंबरठ्यावरच अडला.

"आत या. खात नाही मी कुणाला!" बाई गरजल्या. "मोठं माणूस कुठंय? पोरांच्या हाती चेनसॉ देतात? अक्कल विकून खाल्ली काय?"

बोलता बोलता त्यांनी गोणपाट सोडलंसुद्धा. चेन दिव्याखाली धरली आणि बोटानं दात चाचपत त्या एकदम गप्प झाल्या. त्यांचं ओरडणं बरं, असं तिघांनाही वाटलं.

"काय कापत होते?"

"चिंच."

"चिंचेनं दात बोथट होतात. हे तुटलेत. हे बघ, एकाच बाजूचे. ही चेन लोखंडावर चाललीय."

"पण झाडात लोखंड कुठून येणार?" रूपल म्हणाली.

चिमीचा चेहरा पांढरा पडला. "खिळे," ती पुटपुटली. "आजोबा सांगायचे. पयले भगत भूत धरायचा ना, तर त्याला चिंचेत खिळा मारून ठोकायचा. म्हंजे ते परत येत नाय. आमच्याकडं लय जुन्या झाडांत असे खिळे हायत. वरून साल वाढते, मग दिसत नाय."

छताच्या साखळ्या किणकिणल्या. भावेश रूपलच्या इतका जवळ सरकला की तिच्या पायावरच उभा राहिला.

अर्चनाताई हसल्या नाहीत. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं आणि आतला भुसा तळहातावर घेतला. "भूत राहू दे. हा भुसा बघा. चिंचेचं वरचं लाकूड पिवळट असतं, आणि पार आतला गाभा काळपट. हा कसला आहे?"

"काळा," रूपल म्हणाली. आणि मग तिला कळलं. "म्हणजे... मामानं नुसती मशीन लावली नाही. आतपर्यंत कापलंय!"

"आणि तसंच सोडून दिलंय. झाडाचा आवाज येतो का?"

"रोज रडते," चिमी म्हणाली. "संध्याकाळी, वारा सुटला की."

अर्चनाताई ताडकन उठल्या. "रडत नाही ती, फाटतेय! खाली कोण राहतं?"

"आमी," चिमी म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. "झिपरू आता झोपला असेल तिकडं!"

"मिथुन! टेम्पो काढ! दोर, साखळदंड, मोठी मशीन!" अर्चनाताईंनी आतल्या मेकॅनिकला हाक मारली. रूपलनं मामीला फोन लावला, पण तो नुसताच वाजत राहिला. मामी वाडीत असली की फोन घरात असायचा.

टेम्पो पामच्या रस्त्याला लागला तेव्हा समुद्राकडून काळे ढग चढत होते. भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला. रस्त्याकडेची ताडाची झाडं एका बाजूला वाकली होती आणि एकही पाखरू दिसत नव्हतं. रूपलनं रस्ताभर चिमीचा हात धरून ठेवला होता.

वाडीच्या टोकाशी टेम्पो थांबला आणि सगळ्यांनाच ते ऐकू आलं.

"क्र्र्रऽऽ... ऊंऽऽऽ..."

अजून दुपार होती, तरी चिंच रडत होती!

चिमी बाणासारखी सुटली. झोपडीत शिरली आणि झोपलेल्या झिपरूला उचलून बाहेर आली. मागोमाग तिची आई, "काय झालं? काय झालं?" करत. शेतातून जिव्याकाका धावत आले आणि पाठोपाठ कृष्णकांतमामाही.

"कोण तुम्ही? झाडाजवळ जाऊ नका! कोप होईल!" मामा हात पसरून चिंचेपुढे उभा राहिला.

"बाजूला व्हा!" अर्चनाताई म्हणाल्या.

"नाय! आत भूत हाय!"

जिव्याकाकाही थबकले. सगळे थबकले. वारा भणभणत होता, फडकं फडफडत होतं आणि कुणी पुढं व्हायला तयार नव्हतं. आता बोलण्यात वेळ गेला तर झोपडी जाणार, हे रूपलला स्वच्छ दिसत होतं.

"भावेश, तुझं चुंबक!"

भावेश मामाच्या हाताखालून वाकून सुळकन निसटला आणि चुंबक बुंध्यावर टेकवून मागं उडी मारली. चुंबक खाली पडलंच नाही! सालीवर काही नाही, खिळा नाही, तार नाही, आणि चुंबक तसंच चिकटलेलं.

चिमीच्या आईनं तोंडावर हात ठेवला.

"बाबा, आत जुने खिळे आहेत!" भावेश ओरडला. "भगतानं मारलेले! त्यांच्यावर तुमची चेन घासली, म्हणून ठिणग्या!"

मामा चुंबकाकडे बघतच राहिला, आणि तेवढ्यात रूपलनं लाल फडक्याची गाठ खेचली. फडकं सुटून वाऱ्यावर उडालं.

आत जबडा वासल्यासारखा खोल, काळा काप होता. त्यातून वर, फांद्यांच्या दिशेनं, बोटभर रुंद भेग गेली होती. वाऱ्याचा झोत आला तशी भेग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडली, आणि मिटताना रडली.

जिव्याकाकांनी एकदा भेगेकडं पाहिलं, एकदा झोपडीकडं, आणि मग मामाकडं. "कृष्णकांतशेठ, माझी पोरं हिच्याखाली झोपत होती," ते एवढंच म्हणाले.

मामानं मान खाली घातली. "मला वाटलं, झाकून ठेवलं की शांत होईल," तो पुटपुटला. "कोणी आत बघायला नको, म्हणून..."

"बोलणं नंतर!" अर्चनाताई कडाडल्या. "मिथुन, भेगेभोवती साखळदंड आवळ! मामा, ट्रॅक्टर आणा, दोर त्या मोकळ्या शेताकडं ओढायचा! बायका-पोरं सगळी आंब्यापलीकडं! भावेश, चुंबक दे."

त्यांनी चुंबक बुंध्यावर वरपासून खालपर्यंत फिरवलं. जमिनीलगत ते कुठंच चिकटलं नाही. "इथं कापायचं. भगत काही खाली बसून खिळे मारत नव्हता!"

आधी झोपडीवरच्या फांद्या उतरल्या. मग मोठी मशीन बुंध्याशी लागली. या मशीनला ना ठिणगी, ना धूर. नुसता भुसा, आधी पिवळा, मग काळा. मामाचा ट्रॅक्टर गुरगुरला. दोर ताणला गेला. चिंच एकदाच मोठ्यानं विव्हळली, सावकाश वळली आणि मोकळ्या शेतात धाडकन आडवी झाली! जमीन हादरली. झोपडीचं एक कौलसुद्धा निसटलं नाही.

आणि मग पाऊस आला.

पडवीत चहा पिताना मामा रूपलसमोर येऊन बसला. "पोरी, मशीन बंद पडली तेव्हा मी लिंबू आणायला धावलो. तू मात्र जाणतं माणूस शोधायला गेलीस. चुकलो मी. जिव्या, तुझ्यापुढं तर लयच चुकलो."

जिव्याकाकांनी तिघांच्या डोक्यांवर एकेकदा हात ठेवला. त्यांना फार बोलायची सवय नव्हती. "पोरांनी माझं घर राखलं," ते म्हणाले.

"राखलं खरं," अर्चनाताई म्हणाल्या. "माझ्याकडं मोठी माणसं येतात आणि सांगतात, मशीन बंद पडली, बस. कधी, कशावर, आवाज कसा, काही सांगत नाहीत. या पोरांनी सगळं सांगितलं, म्हणून वेळेवर कळलं. मामा, तुमची मशीन परवा घेऊन जा. पण माझ्यासमोर चालवून दाखवल्याशिवाय मी देणार नाही, आधीच सांगते!"

सगळे हसले. मामासुद्धा.

"पण ताई," भावेश चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाला, "झाड पडलं. मग खिळ्यांनी ठोकलेली ती सगळी... आता कुठं गेली असतील?"

हसणं एकदम थांबलं. मिथुननं उगाचच मागं वळून पाहिलं. मग भावेशनं उठून आपलं चुंबक पुन्हा खिशात घातलं, आणि यावेळी त्याला कुणी चिडवलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाऊस ओसरला. तिघं झोपडीच्या दारात बसली होती. चिमीच्या मांडीवर झिपरू झोपला होता. सूर्य बुडाला. समुद्राकडून खारा वारा आला, केळीची पानं सळसळली. चिमीचा हात सवयीनं झिपरूच्या कानाकडं गेला.

तिघांनीही श्वास रोखला.

वारा झोपडीवरून गेला आणि पुढं शेतात निघून गेला. कुठंच काही रडलं नाही.

चिमीनं झिपरूच्या कानावरचा हात काढून घेतला.