तुलनेचा दिवा

चाचणीकक्षात शिरल्या शिरल्याच शाल्मलीला कळलं, की डॉ. सामंतांना आपलं तोंडही बघायचं नाहीये.

"बस," ते म्हणाले. "निबंध बरा सजवलायस म्हणे. आता खरं काय ते यंत्र सांगेल."

अंतराळ विद्यालयाची प्रवेशपरीक्षा म्हणजे एका अवतरणाचं सोदाहरण विवेचन. यंदाचं अवतरण होतं, 'अधिकाराला सर्वांत जास्त भीती प्रश्नाची वाटते.' उदाहरण मात्र खरं घडलेलं हवं. बनावट ठरलं, की विद्यालयाचं दार कायमचं बंद.

डॉ. मुजावरबाईंनी तिच्या कपाळावर स्मृतिवेधक पट्टा बांधला. यंत्र त्यांनीच बनवलेलं.

"हे खोटं पकडतं?" शाल्मलीने विचारलं.

"छे. फक्त ओळख पकडतं. स्वतः अनुभवलेला प्रसंग ऐकला, की मेंदूतला जुना ठसा जागा होतो आणि कपाळावरचा दिवा हिरवा लागतो. ऐकीव गोष्टीचा तसा ठसा नसतो. दुसरा पट्टा वाचणाऱ्याला. तो प्रसंगाला परका, म्हणून त्याचा दिवा विझलेलाच राहायला हवा. तुलनेसाठी."

"आणि प्रसंग माझ्या ताईचा असेल तर?"

"तर तिलाच पाठवायचं होतं," सामंत स्वतःचा पट्टा चढवत म्हणाले. "बाळ, तू इथे शिकायला आली आहेस की मला शिकवायला?"

शाल्मली दचकली. ताई नववीत गेली होती त्या आकाशदर्शन शिबिरातल्या सरांची नक्कल करायची ती अगदी अश्शीच, 'बाळ' लांबवून. सरांचं नाव मात्र तिने कधी काढलं नव्हतं. आणि त्या शिबिरानंतर दुर्बिणीलाही हात लावला नव्हता.

"वाचा ना, सर," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

आळणी भाजी चिवडावी तसे सामंत वाचू लागले. 'आकाशदर्शन शिबिरात सरांनी ग्रहणाची वेळ फळ्यावर चुकीची मांडली. नववीतल्या एका मुलीने हात वर करून चूक दाखवली. सरांनी तिला भर उन्हात गच्चीवर अनवाणी उभं केलं…'

शाल्मलीचा दिवा विझलेलाच.

"बघा," सामंतांचा चेहरा फुलला. "शुद्ध बनाव. असं कुठला शिक्षक करेल? मुलगी खोटारडी आहे, बाई. नाव खोडा."

मुजावरबाई सामंतांच्या कपाळाकडे बघत होत्या. स्वतःचं कपाळ कुणाला दिसतं?

"नियमात उदाहरण घडलेलं हवं, एवढंच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "कुणाच्या बाबतीत घडलं, ते नियम विचारत नाही. आणि हे घडलंय, सामंत. या खोलीतल्या एकाला आठवतंय."

सामंतांचा हात कपाळाशी गेला. तळव्यावर हिरवा उजेड पडला.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"शेवटचं वाक्य राहिलं, सर," शाल्मली म्हणाली. "तेवढं वाचा."

कागदावर होतं, 'सर म्हणाले, बाळ, तू इथे शिकायला आली आहेस की मला शिकवायला?'

सामंतांचे ओठ हललेही नाहीत. पण मनात वाचलं असणारच. दिवा आणखी लख्ख झाला.