जर्दाळूखालची नव्वद मिनिटं

वाहान मला पहिल्यांदा भेटला तो नखशिखांत भिजलेला, आणि तोही माझ्यामुळेच!

शनिवार, शहराने आमच्या घराला नेमून दिलेला पाणी द्यायचा वार. फ्रेझ्नोचं ऊन सकाळीच तापलेलं. मी फवारे सुरू केले आणि कुंपणाजवळच्या फवाऱ्याचं तोंडच उडालं. पाणी थेट फुटपाथवर! तिथून चाललेला एक उंच तरुण थबकला, त्याने चष्मा पुसला आणि... चक्क हसला.

"झाडांना पाणी घालता की येणाऱ्याजाणाऱ्यांना?"

"जो मध्ये येईल त्याला." चूक माझी, तोराही माझाच.

"मग ठिबक करून घ्या. मी तेच काम करतो. म्हणजे... निदान माणसं तरी कोरडी राहतील."

आईला ते पटेना. हिरवळ केव्हाच करपली होती. उरले होते सहा गुलाब आणि तिचं जर्दाळूचं झाड. माझ्या जन्माच्या वर्षी तिने ते लावलं, आणि दर जूनला अख्ख्या गल्लीत जर्दाळू वाटायचा तिचा शिरस्ता.

"आराक्सी, माझ्या झाडाला काही झालं, तर तो मुलगा या फाटकातून पुन्हा आत यायचा नाही," तिने बजावलं.

पुढच्या शनिवारी वाहान आला. त्याचे हात बघत राहावेत असे होते... घाई नाही, धसमुसळेपणा नाही. एक फवारा सोडून बाकीच्यांना त्याने टोप्या घातल्या. त्या एकावर गाळणी आणि पाण्याचा जोर कमी करणारा तुकडा बसवला. मग म्हणाला, "काकू, कपभर उकळतं पाणी मिळेल?"

आईने पाणी आणलं, तर याने त्यात नळीचं टोक बुडवलं!

"मऊ झालं की जोडावर अलगद चढतं," तो म्हणाला.

"लोक माझ्याकडे कॉफीला येतात, हा नळी बुडवायला आला," आई पुटपुटली. पण मागोमाग कॉफीही आलीच.

जर्दाळूची नळी त्याने बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या कडेखाली गोल फिरवली. "तहान तिकडच्या मुळांना असते," तो म्हणाला. झाडाबद्दल इतक्या मायेने बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने भिंतीवरच्या, पाण्याची वेळ ठरवणाऱ्या टायमरचं झाकण उघडलं. मी समोर केस बांधत उभी होते.

"झालं?" मी विचारलं.

"हं... झालं—" म्हणत त्याने झाकण लावून टाकलं.

दोन आठवड्यांत जर्दाळूची पानं मलूल झाली, कडा वळल्या. आई सकाळ-संध्याकाळ झाडाखाली जाऊन उभी राहू लागली. मला झाडाची काळजी होतीच, पण ते फाटक... मी फोन केला आणि वाहान अर्ध्या तासात हजर.

त्याने मातीत बोट खुपसलं. कोरडी ठाक. मग टायमर उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. उन्हावर ढकलता आलं असतं, नळीवर ढकलता आलं असतं. पण तो सरळ आईसमोर जाऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे, काकू. टायमरवर फवाऱ्यांची दहा मिनिटंच राहिली. ठिबकला नव्वद लागतात."

मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

"एवढं निगुतीने सगळं केलंस, आणि हेच कसं राहिलं?" आईने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "तेव्हा... आराक्सी समोर केस बांधत होती. मला टायमर दिसलाच नाही."

आईने झाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "वाचेल का?"

"वाचेल. फांद्या हिरव्या आहेत. आज नव्वद मिनिटं मी स्वतः बसून बघतो."

"बस मग. आराक्सी, तू आत चल. नाहीतर आणखी काहीतरी विसरेल."

"मी नाही येणार." मी जागची हलले नाही. "आणि आई, त्याला फाटक बंद करायचं नाही. झाडासाठी नाही गं... मला तो आवडतो."

आईने कपाळावर हात धरून वर तळपत्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अगं, मग त्याला उन्हात काय उभं केलंयस? सावलीत खुर्च्या मांड." आणि आत गेली.

पाणी सुरू झालं. मातीत ओले ठिपके उमटू लागले. आम्ही शेजारी बसलो, एकमेकांकडे न बघता.

"नव्वद मिनिटं... काय बोलायचं?" त्याने हळूच विचारलं.

"तू बोल," मी म्हणाले. "माझं सगळं मी आईसमोरच बोलून बसलेय!"