साठ्यातलं उत्तर

"माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना चालू आहे," डॉ. फरीदा इनामदार म्हणाल्या.

"अरे वा, अभिनंदन," विजया घोलप पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"अगं, कसलं अभिनंदन! होळीला सातवा होता. आता गणपती आले. अजून सातवाच. मी भूगर्भशास्त्रज्ञ आहे, सावकाश घडणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे. पण हे जरा अतीच होतंय."

विजयाने पडद्यावरून नजर काढली.

मंगळावरच्या गेरू तळावर दोनशे माणसं राहत होती आणि त्यांचा पृथ्वीशी सगळा पत्रव्यवहार विजयाच्या खोलीतल्या एका करड्या कपाटातून होत असे. कपाटाचं अधिकृत नाव साठाद्वार. पृथ्वीवर प्रश्न पोचायला या दिवसांत वीस मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी वीस. पहिल्या वर्षी लोकांनी ते सहन केलं. दुसऱ्या वर्षी 'जेवलीस का?' असं विचारून तेवढा वेळ 'हो'ची वाट पाहणारी माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडू लागली, तेव्हा हे कपाट आलं. त्याची युक्ती साधी होती. एकदा आलेलं उत्तर ते साठवून ठेवी. तोच माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, की साठ्यातलं उत्तर त्याच्या हातात लगेच ठेवी. मग मागाहून खरा प्रश्न पृथ्वीवर पाठवून उत्तर बदललं आहे का, याची शहानिशा करी, आणि बदललं असेल तर नवं उत्तर जुन्याच्या जागी ठेवी. तिकडे पृथ्वीवरही असंच एक जुळं द्वार होतं. माणसं एकमेकांना तेच ते विचारतात आणि तेच ते सांगतात, या गृहीतावर सगळी यंत्रणा उभी होती. गृहीतात आजवर खोट निघालेली नव्हती.

विजयाने शहानिशेचा हिशेब उघडला. शेवटची शहानिशा होळीच्या आधीची होती.

"फरीदा, तुझी बहीण बाळंत झाली असणार. केव्हाच."

फरीदा खुर्चीत बसल्या. विजया मात्र उठली, आणि एकदम थबकली. कारण तिचाही एक प्रश्न होता.

'सारस' हे परतीचं यान उद्या निघणार होतं. पुढचं दोन वर्षांनी. जाणाऱ्यांची यादी आज संध्याकाळी पाचला बंद व्हायची होती, आणि विजयाने नाव दिलेलं नव्हतं. कराडला असलेल्या नवऱ्याला, मुकुंदला, तिने गेले काही महिने दर आठवड्याला विचारलं होतं, "मी परत येऊ का?" दर वेळी उत्तर आलं होतं, "तुला योग्य वाटेल ते कर." मुकुंद मुळातच कमी बोलणारा. पण तेच पाच शब्द पुन्हा पुन्हा वाचून विजयाला जे समजायचं ते समजलं होतं. आता तिने त्या उत्तराची तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची. मागच्या यानाच्या वेळची.

तळप्रमुख मोडकसाहेब आपल्या खोलीत एका आलेखाकडे प्रेमाने पाहत बसले होते.

"सर, शहानिशा कोणी बंद केली?"

"मी," मोडक म्हणाले. "बसा ना, घोलपबाई. शेंदरी तळाचं साठाफळ माहीत आहे किती? एक्क्याण्णव. म्हणजे शंभरातल्या एक्क्याण्णव प्रश्नांना साठ्यातून उत्तर. आपलं नव्व्याण्णव!"

"कारण आपला प्रश्न मंगळाच्या बाहेरच जात नाहीये."

"त्यामुळेच तर वेग आहे. शहानिशेची ये-जा मुख्यालय आपल्या खात्यावर मोजतं. विनाकारण गुण जात होते. शिवाय जुळ्या द्वाराचं नियंत्रण आपल्याकडूनच होतं, तेव्हा तिकडचीही बंद केली. आणि लोक खूश आहेत. सहा महिन्यांत एकही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही."

"तक्रारी तुम्ही कुठे पाठवायला सांगितल्यात?"

"मुख्यालयाला. थेट."

"आणि मुख्यालयाचं उत्तर?"

"आपली तक्रार नोंदवली आहे," मोडक म्हणाले आणि त्यांची नजर आलेखावरून खाली आली.

"दोन्हीकडचे साठे रिकामे करावे लागतील. आत्ता."

"अहो, साठाफळ शून्यावर येईल! मुख्यालयाच्या परवानगीशिवाय मी साठ्याला हात लावू देणार नाही."

"मागा परवानगी."

मोडकांनी रीतसर मजकूर लिहून पाठवला. त्यांचं बोट कळीवरून उचललं जातं न जातं तोच उत्तर आलं : विषय विचाराधीन आहे.

मोडकांनी पडद्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, वीस मिनिटांवरच्या पृथ्वीच्या दिशेने.

"करा रिकामे," ते म्हणाले.

विजयाने इकडचा साठा पुसला, जुळ्या द्वारासाठी तोच हुकूम सोडला आणि पाठोपाठ एक ओळ मुकुंदला लिहिली : मी परत येऊ का? मोडकांनीही परवानगीचा मजकूर पुन्हा पाठवला. गेरू तळ गप्प झाला. भोजनगृहात लोक रिकामे पडदे हातात घेऊन बसले. बऱ्याच दिवसांनी ते शेजारच्याशी बोलत होते आणि त्यांना ते फारसं जमत नव्हतं.

"यादी?" मोडकांनी विचारलं.

"उत्तर आलं की सांगते."

"पण मुकुंदरावांनी तिकडे आणखी कुठलं यंत्र लावलं असेल तर? ते तुम्हाला कसं कळणार?"

"वेळेवरून. चाळीस मिनिटं प्रकाशाची. त्यात कोणाला सूट नाही. माणसाला त्यावर वाचायला, विचार करायला आणि लिहायला वेळ लागतो. आमचे हे दोन शर्टांतला एक निवडायला अर्धा तास घेतात. उत्तर बरोबर चाळीस मिनिटांनी आलं, तर समजायचं की पलीकडे माणूस नाही."

त्या वेळात विजयाने कपाटावरची धूळ पुसली. आपण सहा महिने एका माणसावर रुसलो, ते त्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या वाक्यावर, हे तिला लागलं होतं. तरी आशा मोठी बेरकी असते. आता तर ती तिला सांगत होती, की उत्तराला जितका उशीर होईल तितकं चांगलं.

बरोबर चाळीस मिनिटांनी पडदा उजळला. पहिलं उत्तर मुख्यालयाचं होतं : विषय विचाराधीन आहे.

"बघा!" मोडक म्हणाले. "अक्षराचा फरक नाही. साठा बरोबरच होता." हे उत्तर माणसाचं की यंत्राचं, हे ठरवायची सोय मुख्यालयाच्या बाबतीत नव्हती.

त्याच क्षणी दुसरा संदेश आला. मुकुंदचा.

विजयाने घड्याळाकडे पाहिलं. वाचायला वेळ नाही, विचार करायला नाही. कराडच्या घरातसुद्धा यंत्रच. तिने संदेश न उघडताच पुसायला हात पुढे केला. तेवढ्यात खाली तिसरा आला. चौथा. मग रांगच लागली, सगळे मुकुंदचे. साठ्यातलं उत्तर एकच असतं. त्याची रांग लागत नाही. तिने सर्वांत वरचा उघडला. तारीख होळीनंतरच्या आठवड्याची होती.

येतेस का? स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. तू म्हणायचीस ती.

पुढचा : येतेस का? पाव किलो फरसाण आणलं तर एकट्याला महिनाभर पुरतं. मऊ पडतं.

हे उत्तर नव्हतंच. जुळ्या द्वाराला प्रश्न ओळखीचा वाटला होता, म्हणून त्याने साठ्यातून विजयाचं जुनं उत्तर काढून मुकुंदच्या हातात ठेवलं होतं, आणि त्याची पत्रं आपल्याजवळ अडकवून ठेवली होती. साठा रिकामा होताच अडलेलं सगळं सुटलं. विजयाचं ते जुनं उत्तर काय असेल, हे तिला शोधावं लागलं नाही. तिला ते पाठ होतं. आत्ताच काही सांगता येत नाही.

शेवटचं पत्र याच आठवड्यातलं होतं.

दर वेळी तेच उत्तर देतेस. यंत्रासारखी बोलायला लागलीस. तरी विचारतो. येतेस का?

बाहेर फरीदाचा आवाज ऐकू आला. "मुलगा झालाय! पालथा पडायला लागलाय म्हणे! आणि मी अजून नाव सुचवतेय!"

मोडक यादी घेऊन दारात उभे होते. भिंतीवरच्या आलेखात साठाफळ शून्य दिसत होतं आणि ते त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

"पाच वाजत आले, घोलपबाई."

"माझं नाव लिहा."

"म्हणजे उत्तर आलं तर!"

"उत्तर यायचंय अजून," विजया म्हणाली. "प्रश्न आला."