दाराआडचा खटका

खट्... आणि मग जरा थांबून, खटाक्.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ओढ्यापलीकडच्या ब्रेक्केंच्या स्वयंपाकघरात. म्हातारा ब्रेक्के जेवण झालं की भिंतीवरची बंदूक उतरवायचा, चापाखालची लिव्हर, म्हणजे हाताने ओढायची दांडी, खाली ओढायचा, वर घ्यायचा, आत काही राहिलं नाही ना ते बघायचा. मग खालच्या नळीत सहा काडतुसं एकेक करून सरकवायचा आणि बंदूक परत खुंटीवर. चेंबर मात्र रिकामा. चेंबर म्हणजे जिथून गोळी सुटते ती जागा. ती भरायची तर लिव्हर ओढावीच लागते, आणि लिव्हर ओढली की आवाज होतोच.

"चोराला आधी ऐकू जाऊ दे," म्हातारा म्हणायचा. "शहाणा असेल तर तेवढ्यावर परत जाईल. मूर्ख असेल तर त्याची मर्जी."

ब्रॉडी, मघाशी जेवताना तू विचारलंस ना, घराच्या राखणीला लिव्हरची बंदूक ठेवू की त्या नव्या काळ्या बंदुकांतली एखादी घेऊ? मला ते सांगता येत नाही, बाबा. मी आठवीपर्यंत शिकलो. मला फक्त आयनार ब्रेक्केची गोष्ट माहीत आहे. टेसा, कॉफी ओत. ती तांबडी गाय अजून तासभर तरी व्यायची नाही, तोवर ऐका.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आयनारच्या गुरांच्या पाण्याच्या टाकीचा हीटर मी दुरुस्तीला आणला होता, तो परत द्यायला गेलो. फाटकापाशी दोनदा हॉर्न दिला. आपल्या खोऱ्यात अजून देतात. दिवसा विसरलं तर चालतं, अंधार पडल्यावर हॉर्न दिल्याशिवाय कोणी कोणाची पायरी चढत नाही. ते का, ते पुढे सांगतो.

आयनार टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली. समोर बंदूक, बापाचीच.

"हीटर चालतो का?" त्याने विचारलं.

"चालतो. तू चालतोयस का? चेहरा बघ."

"झोप नाही." त्याने दाराकडे बोट केलं. "गस, रात्री कोणीतरी येतं. ओसरीवर. बूट आपटतं. तीनदा. बर्फ झाडायला आपटतात तसे."

"मग?"

"मग काही नाही. उभं राहतं. मी हाक मारतो, कोण आहे? उत्तर नाही. मग मी लिव्हर ओढतो. आवाज झाला की जातं."

"जाताना दिसतं?"

"नाही रे. दार उघडलं की कोणी नाही. बर्फावर पाऊल नाही. रोज दोन चाळीसला. रोज."

तो रागावलेला होता, हे तुम्हाला सांगून ठेवतो. घाबरलेला नव्हता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, एकशे दहा गायी तो एकटा बघत होता, आणि आता कोणी झोपू देत नव्हतं. त्याहून राग याचा, की कोणाला ते खरं वाटत नव्हतं.

शेरीफच्या डेप्युटीला बोलावलं. तो दीड तासाने आला. टॉर्च फिरवला, कोकोचे दोन कप प्यायला आणि म्हणाला, "काका, रॅकून असेल."

"रॅकूनला बूट असतात का रे?" आयनारने विचारलं.

गावातल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसं आणायला गेला, तर तिथला पोरगा हसला. "अजून लिव्हरची वापरता? आजोबा, घोडा कुठे बांधलाय?"

आणि मार्ना. त्याची मुलगी, ग्रेट फॉल्सला असते, इथून तीन तास. तिने ओसरीवर कॅमेरा लावून दिला. कोणी आलं की तिच्या फोनवर दिसणार. तीन आठवडे तिला दिसलं काय, तर बाप. पायमोजे घालून, हातात बंदूक घेऊन, रिकाम्या ओसरीवर ओरडणारा बाप.

नाताळात ती आली तेव्हा मी तिथे जेवायला होतो. लेफ्सा, ती बटाट्याची पोळी, तिने स्वतः लाटली होती, आईसारखी पातळ. जेवण संपेपर्यंत ती वाढत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी तिकडे खोली बघितलीय. खाली दवाखाना आहे. खिडकीतून नदी दिसते."

"माझ्या खिडकीतून माझ्या गायी दिसतात."

"तुम्ही रात्री भरलेली बंदूक घेऊन नुसत्या हवेवर ओरडता! एक दिवस कोणाला तरी लागेल."

"चेंबर रिकामा असतो. तुला लहानपणापासून माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला किती दिवस लक्षात राहील?"

हे तिने बोलायला नको होतं. आयनारने ताट बाजूला सारलं. मुलगी काळजीने बोलत होती हे त्याला कळत होतं, म्हणून त्याला ओरडताही येईना. एकतीस जानेवारीपर्यंत हे थांबलं नाही तर बंदूक आणि घर दोन्ही सोडायचं, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो हो म्हणाला. कसा म्हणाला ते मी पाहिलं. दात उपटून घेताना माणूस हो म्हणतो, तसा.

आता ते हॉर्नचं. आयनारला थोरला भाऊ होता, हाकॉन. सैन्यातून सुटून आला तो चौसष्ट सालच्या हिवाळ्यात, न कळवता. आईला चकित करायचं होतं त्याला. रात्री रस्त्यावरून चालत आला. वारा असा, की माणसाचा शब्द तोंडातून निघायच्या आत घेऊन जाईल. त्याने ओसरीवर बूट आपटले. आत बाप उठला. हाक मारली. लिव्हर ओढली. आणि वाट पाहिली. खरंच पाहिली, आयनार तिथेच उभा होता, दहा वर्षांचा. पण हाकॉनच्या कानांवर टोपीचे कान बांधलेले, त्यात तो वारा. त्याला काही ऐकू गेलं नाही. तो खांद्याने दार ढकलायला लागला.

एकच गोळी. दारातून.

तेव्हापासून आपल्या खोऱ्यात हॉर्न देतात.

जानेवारीच्या अठरा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, मी पुन्हा आयनारकडे गेलो. उणे सत्तावीस होतं बाहेर. त्याचे डोळे आत गेलेले. तेरा दिवस उरले होते.

"आवाजाने ते जातं," तो म्हणाला, "आणि दुसऱ्या रात्री परत येतं. मी काय त्याला अंगाई गातोय का?"

आणि पोरांनो, तेव्हा मी बोललो. मीच. ते शब्द माझे आहेत, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाही घालता येत.

मी म्हणालो, "मग आवाज करूच नको. कोणीतरी जिवंत माणूस तुझी चेष्टा करतंय. आवाज झाला की पळतंय. एक काडतूस आत्ताच चेंबरमध्ये घालून ठेव, घोडा अर्ध्यावर, म्हणजे चुकून उडायची नाही. रात्री गप्प दाराशी जा. दाराच्या वरच्या चौकटीत एक गोळी मार. पुन्हा येणार नाही."

त्याने टेबलावरची बंदूक जवळ ओढली. "बाबांनी असं कधी केलं नाही," म्हणाला.

"तुझ्या बाबांना झोप तरी लागायची."

त्याने लिव्हर ओढली. मी त्याच्याजवळ उभा होतो. पिवळंधमक काडतूस वर आलं, आत गेलं, लिव्हर बंद झाली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घोडा त्याने अंगठ्याने अलगद अर्ध्यावर आणला. खालच्या नळीत पाच राहिली. मग त्याने भिंतीतून कॅमेऱ्याची वायर उपटली, आणि फोनचीही. "आज तिला बघायला नको," म्हणाला. मी घरी आलो. मला छान झोप लागली. तेही सांगतो.

पुढचं मला दोघांनी सांगितलं. वेगवेगळं, तो एका खोलीत, ती दुसरीत. दोघांचं जुळलं.

रात्री दहाला मार्नाच्या फोनवर कॅमेरा बंद दिसला. तिने फोन केला. लागेना. पुन्हा केला. अकराला ती गाडीत बसली. बाप पडला असेल, ओसरीवर गोठला असेल... तीन तास हेच डोक्यात. आयनारच्या वळणावर गाडी बर्फात रुतली. फाटकापर्यंत गाडी पोचलीच नाही, तर हॉर्न कुठला? ती उतरली. अर्धा मैल चालली. फोनचं चार्जिंग थंडीने संपलेलं.

आयनार जागाच होता. खुर्चीत. अंधारात. मांडीवर बंदूक.

दोन चाळीस.

ओसरीवर बूट वाजले. तीनदा.

तो उठला. हाक मारली नाही. लिव्हरला हात लावला नाही. दाराशी आला. घोडा मागे घेतला, चाप दाबून धरून, टिक होऊ न देता.

बाहेर कोणीतरी उभं होतं. तो श्वास ऐकत होता. आवाज झाला असता तर ते गेलं असतं. आवाज झाला नाही.

ते गेलं नाही.

मग पुन्हा बूट वाजले. तीनदा. पण आता पायरीवर. खालच्या पायरीवर... म्हणजे एक वर होतं आणि दुसरं येत होतं.

आयनार म्हणतो, "तेव्हा माझं डोकं गेलं." सात आठवड्यांचा राग. चौकट, वर, खाली, काही उरलं नाही. दाराची कडी हलली. त्याने नळी दाराच्या मधोमध लावली.

चाप ओढला.

टक्.

एवढंच. टक्.

"...बाबा?"

बाहेरून. मार्ना.

"बाबा, दार उघडा ना. गारठले मी. आणि हे कोण आहेत? हे बाजूला होत नाहीयेत..."

त्याने दार उघडलं. ती एकटी होती. पायरीवर. दारापासून चार हात लांब. तिचा हात कडीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

ती मला म्हणाली, "गसकाका, दाराला लागून एक माणूस उभा होता. माझ्याकडे पाठ. टोपीचे कान बांधलेले. मला वाटलं तुम्हीच आहात. मी बाजूला व्हा म्हटलं, तर त्याने हात मागे केला. थांब, असा."

सकाळी आठला तिने मला बोलावलं. मी आधी फाटकापाशी हॉर्न दिला. उजाडलेलं होतं, तरी दिला.

बंदूक टेबलावर तशीच पडली होती. आयनार तिला शिवत नव्हता. त्याचे हात मांडीवर, उताणे, कोणीतरी तिथे ठेवून दिल्यासारखे. मार्ना ओट्याशी पाठ लावून उभी. तिच्या खांद्यावर त्याचा लोकरीचा कोट.

"थंडीने तेल घट्ट झालं असेल," मी म्हणालो. "घोडा हळू पडला असेल. होतं असं."

"बंदूक घरात होती," आयनार म्हणाला. "चुलीजवळ."

मग मलाच ती रिकामी करावी लागली. मी नळी भिंतीकडे केली आणि लिव्हर ओढली.

खट्...

चेंबरमधून जे उडालं ते टेबलावर पडलं आणि गोल फिरत राहिलं. काडतूस नव्हतं. रिकामी पुंगळी होती. उडालेली. तोंड उघडं. पितळ हिरवं पडलेलं, जमिनीतून निघाल्यासारखं.

मी लिव्हर ओढत राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच. पिवळीधमक. भरलेली. सहावं, मी माझ्या डोळ्यांनी आत जाताना पाहिलेलं... नाही. टेबलाखाली पाहिलं. खुर्चीखाली पाहिलं. मार्नाने चुलीतली राख चाळली. आजपर्यंत सापडलं नाही.

पुंगळी मी खिडकीपाशी नेली. घोड्याचा ठोका जिथे बसतो त्या बुडाच्या टिकलीवर दोन ठसे होते. एक जुना, काळा. त्याला चिकटून दुसरा. ताजा. चकचकीत.

मार्ना म्हणाली, "एकदा उडालेली पुंगळी आत आली कुठून?"

मी आयनारकडे वळलो. मला एक विचारायचं होतं. चौसष्टच्या त्या हिवाळ्यात, शवपेटीवर झाकण ठेवायच्या आधी, म्हाताऱ्या ब्रेक्केने हाकॉनच्या कोटाच्या खिशात मूठ घातली होती. मी नऊ वर्षांचा, माझ्या आईचा हात धरून पुढेच उभा. मूठ बंद आत गेली आणि उघडी बाहेर आली. आत काय ठेवलं ते मी जन्मात कोणाला विचारलं नव्हतं.

"आयनार," मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी त्या दिवशी खिशात..."

त्याने हात पुढे केला. मी पुंगळी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती बघितली. नखाने तो नवा ठसा चाचपला. मग मार्नाकडे बघितलं. पायांपासून केसांपर्यंत, सगळी आहे ना, असं.

मूठ मिटली. टोपी घातली. कान बांधले नाहीत.

आणि तो दाराबाहेर पडला, टेकडीवरच्या तारेच्या कुंपणाकडे, जिथे त्याची माणसं पुरलेली आहेत.