तिसऱ्या फाटकापाशी

त्या रविवारी इर्माला पाचची कोर्दोबा शहराची बस गाठायची होती आणि पापांना घोडा बघायचा होता.

घोडा रुफिनोचा. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं दगडी घर. अंगणात त्याची बायको निल्दा येर्बाच्या कडू काढ्याचा तुंबा घेऊन बसली होती.

"रेमान्सो अगदी माझ्या बायकोसारखा," रुफिनो घोड्याची मान थोपटत म्हणाला. "एकदा उभा राहिला की हलायचं नाव नाही."

"आणि हा एकदा बसला की उठायचं नाव नाही," निल्दा म्हणाली आणि तिने तुंबा पापांच्या हातात दिला.

पापा रेमान्सोवर बसले, इर्मा रुफिनोच्या म्हाताऱ्या घोडीवर. माथ्यापर्यंत तीन फाटकं लागतात. त्या डोंगरात शेवटचा स्वार उतरून फाटक लावतो आणि पुढचे तोवर थांबतात. ते निघून गेले तर मागचा घोडा बिथरतो, मालकाला रिकिबीत पाय घालू देत नाही. पापा साखळीचे दोन वेढे घालायचे, मग खांबावर दोनदा थाप मारायचे. पहिल्या फाटकापाशी इर्मा थांबली. दुसऱ्यापाशीही थांबली. तिसऱ्यापाशी तिने घड्याळ पाहिलं.

"इर्मा, थांब जरा."

मागे न वळता तिने नुसता हात हलवला.

पापांनी तिला वळणावर गाठलं, ते हसतच. "तू गेलीस, पण हा जागचा हलला नाही बघ. मी नीट बसेपर्यंत उभा. तुझ्यासाठी हाच घेऊ."

"पापा, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. गच्चीत बांधू का?"

"इथे राहील तो. तू रविवारी येत जा. दोघं फिरू."

तिने पुन्हा घड्याळ पाहिलं. बस मिळाली. मंगळवारी पहाटे पापा झोपेतच गेले.

दोन महिन्यांनी रुफिनोचा निरोप आला. तळ्यावरचा हॉटेलवाला घोडा न्यायला उद्या येणार होता.

"घोडा तुलाच देईन असा तुझ्या वडिलांना शब्द दिला होता, म्हणून आधी तुला विचारलं, पोरी," इर्मा आल्यावर तो म्हणाला. "एक फेरी मारून बघ. पण आधीच सांगतो, हल्ली तो फाटकापाशी खोळंबतो."

"कशासाठी?"

रुफिनोने बायकोकडे पाहिलं. निल्दा खोगिरावरचं मेंढीचं कातडं सारखं करत राहिली. "जा तू," ती हळूच म्हणाली. "तुझ्याबरोबर खोळंबला तर खोळंबू दे."

इर्मा एकटीच निघाली. शरदातली दुपार. वारा अजिबात नव्हता. सुकलेल्या गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

पहिलं फाटक तिने खोगिरावरूनच लावलं. रेमान्सो दहा पावलं गेला आणि थांबला. तिने टाच मारली. तो ढिम्म. फक्त कान मागे वळलेले. एका वयस्क माणसाला उतरायला, फाटक लावायला आणि पुन्हा चढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो उभा राहिला. मग आपणहून निघाला.

दुसऱ्या फाटकापाशी तसंच झालं.

घोड्यांना सवयी लागतात, तिने स्वतःला बजावलं. पण पापा त्याच्यावर एकदाच बसले होते.

तिसरं फाटक तिने मुद्दाम सताड उघडं ठेवलं आणि पुढे निघाली.

दहा पावलं. रेमान्सो थांबला.

मागे बिजागरी करकरली.

साखळी वाजली. एक वेढा. दुसरा.

मग खांबावर दोन थापा.

रेमान्सो चालू लागला नाही. तो पायवाटेच्या एका कडेला सरकला, शेजारी आणखी एका घोड्याला जागा होईल इतकाच.

इर्माने वळून पाहिलं नाही. तिने लगाम सैल सोडला.

"थांबलेय मी, पापा," ती म्हणाली. "या सावकाश. आज मला बस गाठायची नाहीये."