एकेक घर सरकलेली माणसं

हृषीकेश सबनीसांची ओळखपेटी 'दुरुस्त' होऊन सात आठवडे झाले होते आणि तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, शलाकाताईंनी, स्मृतिकेंद्राकडे एकोणीस तक्रारी केल्या होत्या. एकोणीस वेळा एकच उत्तर आलं: पेटी उत्तम चालते आहे. चालायला काय झालंय! मेंदूतल्या रक्तस्रावानंतर ज्या इवल्याशा पेटीच्या आधारानं हा माणूस आपली माणसं ओळखत होता, तिनं पार विचका केला होता. जन्मात देवाला हात न जोडलेले हृषीकेश कॅलेंडरवरचं 'श्री' बघून डोळे पुसत, आणि लाडकी लेक रेवा खोलीत आली की तोंड फिरवत.

"काडीची अक्कल नाही हिला," ते म्हणायचे. "बोलायला लागली की डोकं उठतं."

रेवा रोज रडायची. शलाकाताईंशी मात्र ते कधी नव्हे इतकं गोड बोलत होते. आजारानं माणूस मवाळ होतो, अशी शलाकाताईंनी स्वतःची समजूत घातली होती.

विसाव्या तक्रारीला तन्वीर मुजावर हा तंत्रज्ञ घरी आला. दोन तास तपासून त्यानं मायलेकींना समोर बसवलं. पेटी अडकली की केंद्रात डीबगर लावतात, तो सांगू लागला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवून त्याच्या पोटात डोकावणारा दुसरा प्रोग्रॅम. तो पेटीतली स्मृती फाइलमध्ये उतरवून घेतो आणि पेटी पुन्हा सुरू झाली की परत भरतो. स्मृतीत क्रमांक घातलेली घरं असतात; अमुक क्रमांकाच्या घरापासून तमुक घरापर्यंत, बस. घरात राग आहे की माया, हे त्याला कळत नाही.

सबनीसांची स्मृती प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीतून उतरवली आणि भरली नव्या आवृत्तीत. ती लिहिणाऱ्या कुणा भल्या माणसानं, वहीच्या पानावर लिहावं तसं, नावांच्या यादीच्या डोक्यावर 'श्री' लिहून ठेवलं होतं. पहिलं घर त्यात गेलं. नावं एकेक घर खाली सरकली आणि भावना जुन्याच क्रमांकांवर जाऊन बसल्या.

"मग सरकवा ना परत," शलाकाताई वैतागून म्हणाल्या. "त्याला सात आठवडे लागतात?"

दोन मिनिटांचं काम होतं. पत्नी म्हणून त्यांची सही तेवढी हवी होती. रेवानं विचारलं, बाबांची माझ्यावरची माया गेली कुठे? 'श्री'पाशी, तन्वीर म्हणाला; पेटीत माणसांची नोंदणी झाली तेव्हा कामावर जायच्या घाईमुळे रेवा पहिली बसली होती, मग आई, मग आत्या.

"आणि माझ्या वाट्याला काय आलं?"

तन्वीर लॅपटॉपच्या पडद्याकडेच बघत राहिला. "तुम्ही आता दुसऱ्या घरात आहात. दुसरं घर आधी आईंचं होतं."

शलाकाताईंना मिळालं होतं ते हृषीकेशांचं बहिणीवरचं, म्हणजे आत्यावरचं प्रेम.

"हे आजारपणामुळं झालं असेल," रेवा म्हणाली.

"नाही. आम्ही पदरचं काही घालत नाही. मेंदूत होतं तेच उतरवतो."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. आईनं कधी गाऱ्हाणं केलंच, तर रेवा म्हणायची, बाबा तसे नाहीत, तू उगाच मनाला लावून घेतेस. आईच्या वाट्याची तीच वागणूक तिला सात आठवडेही सोसवली नव्हती. शलाकाताईंना असा संताप आला, की तो नेमका कोणावर काढावा तेच कळेना.

"शलाका, दमलीस का गं?" हृषीकेशनी आतून विचारलं.

शलाकाताईंनी सहीचा फॉर्म पुढे ओढला आणि रेवाकडे पाहिलं. रेवाची मान खाली होती. टेबलावरचं पेन उचलून तिनं आईच्या हातात दिलं.